एका कंप्युटरवरून प्रिंट निघते, दुसऱ्यावरून निघत नाही: नेटवर्क प्रिंटरचं दुखणं शोधायचं कसं

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातली झेरॉक्स सेंटरं, डीटीपीची दुकानं, पतसंस्था आणि शाळांची ऑफिसं इथे मी कंप्युटर-प्रिंटरची कामं करतो. या भागात एकाच खोलीत विंडोज ७ चा जुना डबा, विंडोज ११ चा लॅपटॉप, कुणाचं तरी मॅकबुक आणि उबंटू (लिनक्सचा एक प्रकार) घातलेलं एखादं मशीन असं सगळं एकत्र नांदतं, आणि प्रिंटर मात्र एकच. त्यामुळे खालची दुखणी मला पुन्हा पुन्हा भेटतात.

लक्षणं

- विंडोजवरून प्रिंट निघते, पण मॅकवर किंवा उबंटूवर प्रिंटर यादीत दिसतच नाही.
- काल संध्याकाळपर्यंत चालत होता, आज सकाळी सगळ्या मशीनवर ‘ऑफलाइन’.
- वीज जाऊन आली की बंद. प्रिंटर काढून पुन्हा घातला की चार दिवस चालतो, मग तेच.
- युझरनेम-पासवर्ड मागतो आणि बरोबर पासवर्ड दिला तरी नाकारतो.
- शून्य-एक्सने सुरू होणारा एरर येतो, ज्याच्या शेवटी ११बी किंवा ७०९ असतं.
- प्रिंटरचा केशरी दिवा लुकलुकत राहतो, ट्रेमध्ये कागद असूनही.
- कागद येतो, पण मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी. नाहीतर पानामागून पान, प्रत्येकावर एक-दोन निरर्थक ओळी.

यातलं काहीही झालं की बहुतेक लोक आधी ड्रायव्हर (कंप्युटरला प्रिंटरशी बोलायला शिकवणारं सॉफ्टवेअर) काढून टाकतात. माझी कळकळीची विनंती आहे की तिथून सुरुवात करू नका. बहुतेक वेळा प्रिंटर ठणठणीत असतो, ड्रायव्हरही बरा असतो, फक्त प्रिंटरचा नेटवर्कवरचा पत्ता बदललेला असतो. ड्रायव्हर काढला की एका बिघाडाचे दोन होतात, आणि मूळ बिघाड कुठला होता ते मलाही शोधावं लागतं.

आधी प्रिंटरला एकट्याला विचारा

खर्च एका कागदाचा. प्रिंटरवरच्या बटणाने किंवा मेनूतून त्याचा स्वतःचा माहितीचा कागद काढा. त्याला कुणी कॉन्फिगरेशन पेज म्हणतं, कुणी नेटवर्क रिपोर्ट. बऱ्याच लहान लेझर प्रिंटरमध्ये एक बटण काही सेकंद दाबून धरलं की तो निघतो.

हा कागद एकदम दोन गोष्टी सांगतो. तो स्वच्छ निघाला तर टोनर, ड्रम, रोलर यांत बिघाड नाही, मग कंप्युटरकडे आणि तारांकडे बघायचं. तोच निघाला नाही, किंवा काळा-पांढरा पट्टा घेऊन आला, तर कंप्युटरला हातच लावू नका. दुसरी गोष्ट म्हणजे आयपी अ‍ॅड्रेसची, म्हणजे प्रिंटरच्या नेटवर्कवरच्या पत्त्याची ओळ. ती पेनने अधोरेखित करा आणि कागद जपून ठेवा. पुढचं सगळं त्या ओळीवर चालतं.

तार, दिवा आणि चालू करण्याचा क्रम

लॅनची तार प्रिंटरच्या मागे जिथे शिरते तिथे छोटा दिवा असतो. तो लागलेला नसेल तर पुढचं काही तपासण्यात अर्थ नाही. जॅकची प्लास्टिकची चाप तुटली की तार आत असल्यासारखी दिसते, पण टेबल हललं की सुटते. भिंतीकडेने गेलेल्या तारेला उंदराने दात लावलेले मी कितीदा तरी बघितले आहेत. दुसरी चालू तार लावून बघा, पाच मिनिटांत निकाल लागतो.

आता क्रम. हा मुद्दा आपल्या भागात फार महत्त्वाचा आहे. पाऊस लागला की, विशेषतः जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला, वीज दिवसातून कितीदा जाईल याचा नेम नसतो. वीज आली की सगळी यंत्रं एकाच क्षणी जागी होतात. प्रिंटर लवकर तयार होतो, फायबरचा डबा (इंटरनेटवाल्याने बसवलेला) आणि राउटर यांना जास्त वेळ लागतो. प्रिंटर पत्ता मागतो तेव्हा पत्ता देणारा राउटर अजून जागाच झालेला नसतो. मग प्रिंटर स्वतःच स्वतःला एक पत्ता लावून घेतो, जो १६९.२५४ ने सुरू होतो. माहितीच्या कागदावर हा आकडा दिसला की समजायचं, प्रिंटरला राउटर भेटलेला नाही.

गेल्या जूनमध्ये खानापूरच्या एका दुकानात हेच झालं. शाळेच्या प्रवेशांचे दिवस, बाकावर माणसं दाटीने बसलेली. एक अक्का प्लॅस्टिकच्या पिशवीत एसएसएलसीचं (कर्नाटकातल्या दहावीचं) मार्क्स कार्ड आणि पहाणी उतारा (जमिनीचा, सातबारासारखा) घेऊन सकाळपासून थांबल्या होत्या. पदराचं टोक भिजलेलं, पिशवीची गाठ मात्र घट्ट. "बाळा, साडेबाराची बस चुकंल माझी," एवढंच त्या दुकानदाराला म्हणाल्या. त्याने तोवर तिन्ही कंप्युटरवरचे ड्रायव्हर काढून टाकले होते. मी प्रिंटरचा कागद काढला. दमट हवेने मऊ पडलेल्या त्या कागदावर १६९.२५४ स्पष्ट उमटलं होतं. प्रिंटर बंद केला, राउटरचे दिवे स्थिर होऊ दिले, प्रिंटर पुन्हा चालू केला. पत्ता आला. पण ड्रायव्हर पुन्हा घालण्यात पाऊण तास गेला आणि त्यांची बस गेली. प्रिंटर बंद-चालू करायला दोन मिनिटं लागली असती. ही पोस्ट लिहायला बसलो ते त्या दिवसामुळेच.

तर क्रम असा: आधी फायबरचा डबा, मग राउटर, दिवे स्थिर झाले की प्रिंटर, शेवटी कंप्युटर. वीज गेली की प्रिंटरचं बटण बंद करून ठेवायची सवय लावा. आणि लेझर प्रिंटर कंप्युटरच्या लहान यूपीएसवर लावू नका. आतला हीटर तापताना एकदम मोठा करंट ओढतो, यूपीएस बसतो आणि त्याच्यावरचे कंप्युटरही जातात. यूपीएसवर राउटर आणि फायबरचा डबा ठेवा, त्यांना वीज फारच कमी लागते आणि पत्त्यांची निम्मी भानगड तिथेच मिटते.

सगळे एकाच नेटवर्कवर आहेत का?

फायबरवाल्याचा डबा एक वायफाय देतो, तुमचा जुना राउटर दुसरं. लॅपटॉप एकावर, प्रिंटर दुसऱ्यावर. दोघांवर इंटरनेट चालतं म्हणून कुणाला शंका येत नाही. प्रत्येक मशीनचा आयपी बघा. विंडोजवर कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग, मॅकवर आणि उबंटूवर नेटवर्कच्या सेटिंगमध्ये. दुकानात किंवा लहान ऑफिसात पहिले तीन आकडे सगळ्यांचे सारखे हवेत. प्रिंटर १९२.१६८.१ मध्ये आणि लॅपटॉप १९२.१६८.० मध्ये असेल तर ते दोन वेगळ्या गल्ल्यांत राहतात असं समजा.

सोपा उपाय म्हणजे सगळ्यांना एकाच राउटरवर घेणं. दोन्ही डबे ठेवायचेच असतील तर दुसऱ्यावरचं डीएचसीपी (मशीनना पत्ते वाटण्याचं काम) बंद करून, त्याचा पत्ता पहिल्याशी भांडणार नाही असा ठेवून, दोघांच्या लॅन पोर्टांमध्ये तार जोडावी लागते. वायफायवर आणखी दोन अडचणी येतात. गेस्ट नेटवर्कवरच्या मशीनला सहसा प्रिंटर दिसत नाही, ती सोय त्यासाठीच केलेली असते. आणि काही राउटरमध्ये एपी आयसोलेशन नावाचं सेटिंग चालू असतं, ते वायफायवरच्या मशीनना एकमेकांशी बोलू देत नाही. मोबाइलवरून प्रिंट येत नाही अशा तक्रारीत ही दोन मी आधी बघतो.

पत्ता: खरं दुखणं बहुतेक इथेच असतं

राउटर प्रत्येक मशीनला पत्ता देतो तो कायमचा नव्हे, भाड्याने. मुदत संपली, किंवा वीज जाऊन राउटरची आतली नोंद पुसली गेली, की तोच पत्ता दुसऱ्याला मिळू शकतो. कंप्युटरला मात्र प्रिंटरचा जुना पत्ता पाठ असतो. तो तिथे प्रिंट पाठवत राहतो, आणि तिथे आता कुणाचा तरी मोबाइल असतो. म्हणूनच प्रिंटर काढून पुन्हा घातला की चालतो आणि चार दिवसांनी परत बंद पडतो.

तपासायला पिंग, म्हणजे त्या पत्त्यावर कुणी उत्तर देतं का ते बघणारी कमांड, पुरेसं आहे. कमांड प्रॉम्प्ट किंवा टर्मिनल उघडा, पिंग लिहा, एक जागा सोडून प्रिंटरच्या कागदावरचा पत्ता लिहा. मॅक आणि उबंटूवर पिंग आपणहून थांबत नाही, कंट्रोल आणि सी दाबावं लागतं. उत्तर नीट वाचा. विंडोजवर कधी कधी ‘रिप्लाय फ्रॉम’ असं येतं, पण त्यापुढचा पत्ता तुमच्याच कंप्युटरचा असतो आणि शेवटी ‘अनरीचेबल’ लिहिलेलं असतं. ते उत्तर नव्हे, नकार आहे. तळाच्या हिशोबात मात्र तो ‘रिसीव्हड’ म्हणून धरला जातो, त्यामुळे चांगले जाणकारही इथे फसतात.

पिंग चालतं पण प्रिंट नाही, अशा वेळी प्रिंटर बंद करून पुन्हा पिंग करा. उत्तर तरीही येत राहिलं, तर तो पत्ता दुसऱ्याच कुणाकडे आहे.

कायमचा उपाय राउटरमध्ये आहे. राउटरच्या पानावर अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन किंवा स्टॅटिक लीज अशा नावाची जागा असते. तिथे प्रिंटरचा मॅक अ‍ॅड्रेस (नेटवर्कसाठीचा त्याचा स्वतःचा क्रमांक, तो माहितीच्या कागदावर असतो, अ‍ॅपलच्या मॅकशी त्याचा संबंध नाही) आणि हवा तो आयपी लिहून ठेवला की तो पत्ता प्रिंटरच्याच नावावर राहतो. प्रिंटरमध्येच पत्ता पक्का करण्याचीही सोय असते, पण मला राउटरमधली नोंद जास्त पटते. सगळे पत्ते एका जागी दिसतात आणि एकच पत्ता दोघांना जात नाही. राउटर बदलला की मात्र हे पुन्हा करावं लागतं, फायबरवाला नवा डबा बसवायला आला की त्याच दिवशी करा.

अडकलेली प्रिंट आणि कागदाचा आकार

पत्ता बरोबर असूनही काही निघत नसेल तर रांग बघा. एक खराब फाइल पुढे अडली की मागच्या सगळ्या थांबतात. विंडोजवर सर्व्हिसेसमध्ये जाऊन प्रिंट स्पूलर (ही रांग सांभाळणारी सेवा) थांबवा. मग सी ड्राइव्हमध्ये विंडोज, त्यात सिस्टिम३२, त्यात स्पूल, त्यात प्रिंटर्स या फोल्डरमधल्या फाइल काढून टाका. फोल्डर काढू नका, फक्त आतल्या फाइल. स्पूलर पुन्हा चालू करा. थांबलेल्या सगळ्या प्रिंट जातील, त्या परत द्याव्या लागतील. मॅकवर आणि उबंटूवर रांग उघडून अडकलेलं काम काढलं की सहसा पुरतं, आणि रांग ‘पॉज’वर गेली असेल तर ‘रिझ्यूम’ करायला विसरू नका.

केशरी दिव्याचं कारण बहुतेक वेळा कागदाचा आकार असतं. मॅकवर किंवा उबंटूवर प्रदेश अमेरिका राहिला असेल तर पान लेटर आकाराचं तयार होतं. ट्रेमध्ये ए४ असतो. प्रिंटर लेटर कागदाची वाट बघत थांबतो आणि आपण त्याला जॅम समजून झाकण उघडत बसतो. कोर्टाजवळच्या दुकानांत हेच उलट होतं, फाइल लीगलची आणि ट्रेमध्ये ए४. प्रिंटरच्या सेटिंगमध्ये आणि फाइलच्या पेज सेटअपमध्ये, दोन्हीकडे आकार बघा.

प्रिंटर कुठल्या वाटेने जोडलाय?

प्रिंटरला स्वतःची लॅन किंवा वायफाय असेल तर प्रत्येक मशीन थेट त्याच्याशी जोडा. कुणाच्या कंप्युटरमागे लपवून शेअर करू नका. शेअरिंगमध्ये तो एक कंप्युटर झोपला तरी सगळ्यांची प्रिंट बंद, आणि वेगवेगळ्या विंडोजची एकमेकांशी न जुळणारी सुरक्षा मध्ये येते, ती वेगळीच.

विंडोजवर प्रिंटर घालताना तो आपोआप सापडू दिला तर बऱ्याचदा डब्ल्यूएसडी नावाचा पोर्ट तयार होतो. तो प्रिंटरला हाका मारून शोधतो, हाक पोचली नाही की ‘ऑफलाइन’ म्हणतो. त्याऐवजी ‘मॅन्युअली’ निवडून टीसीपी-आयपीने, पक्का केलेला पत्ता लिहून जोडा. एवढं करूनही, प्रिंटर चालू असताना ‘ऑफलाइन’ दिसलं तर प्रिंटर प्रॉपर्टीज, पोर्ट्स, कॉन्फिगर पोर्ट इथे जाऊन एसएनएमपी स्टेटसची (प्रिंटरची हालहवाल विचारण्याची) खूण काढा. पुष्कळदा प्रिंटर त्या चौकशीला उत्तर देत नाही म्हणून विंडोज त्याला बंद धरतं.

मॅकवर आणि उबंटूवर छपाईचं काम मुळात कप्स नावाची एकच व्यवस्था बघते. प्रिंटर एअरप्रिंट (अ‍ॅपलची छपाईची पद्धत) चालवणारा असेल तर दोन्हीकडे वेगळा ड्रायव्हर सहसा लागत नाही. यादीत दिसला नाही तरी मॅकमध्ये प्रिंटर जोडताना आयपीचा टॅब असतो, तिथे पत्ता लिहून एअरप्रिंट किंवा आयपीपी (नेटवर्कवरून छापण्याची सर्वसाधारण पद्धत) निवडता येतं. उबंटूवर ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट, कोलन, ६३१ उघडलं की कप्सचं पान येतं आणि नेमकी कुठे अडचण आहे ते तिथल्या एररमध्ये वाचता येतं.

यूएसबी प्रिंटर शेअर केलेला असेल तर

पुष्कळ दुकानांत प्रिंटर यूएसबीचाच असतो, मग शेअरिंगला पर्याय नाही. पुढच्या गोष्टी याच क्रमाने बघा.

प्रिंटर ज्या कंप्युटरला लावलाय तो झोपी जाणार नाही असं पॉवर सेटिंग करा. त्याचं नेटवर्क ‘पब्लिक’वर असेल तर ‘प्रायव्हेट’ करा, कारण पब्लिकवर विंडोज दार लावून घेतं. शेअरचं नाव लहान, इंग्रजी अक्षरांत आणि मध्ये जागा न सोडता ठेवा. निपाणीच्या एका ऑफिसात शेअरचं नाव मराठीत, तीन शब्दांचं होतं, आणि उबंटूवरून काही केल्या जोडलं जाईना. नाव बदललं आणि लगेच जोडलं गेलं.

पासवर्ड नाकारत असेल तर दोन कारणं हमखास. लॉगिनसाठी तुम्ही चार आकडी पिन वापरता, पण पिन फक्त त्या एका मशीनपुरता असतो, नेटवर्कवर खात्याचा खरा पासवर्डच लागतो. किंवा खात्याला पासवर्डच नाही, आणि कोऱ्या पासवर्डने नेटवर्कवरून येणाऱ्याला विंडोज आत घेत नाही. त्या कंप्युटरवर फक्त छपाईसाठी एक साधं लोकल खातं काढा, त्याला पासवर्ड द्या आणि सगळ्या मशीनवर तोच वापरा.

११बी चा एरर २०२१ पासूनचा आहे. विंडोजच्या छपाई यंत्रणेतल्या त्रुटी बाहेर आल्यावर त्या वर्षी सुरक्षा अपडेट आले. सप्टेंबर २०२१ च्या अपडेटनंतर दोन्ही बाजूंच्या मशीनवर अपडेट नसतील तर एकमेकांशी जुळेनासं झालं. उपाय दोन्ही मशीन अपडेट करणं. रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदीत) एक आकडा शून्य करा म्हणजे चालेल असं सांगणारे व्हिडिओ सापडतात. चालतं, हे खरं, पण जी सुरक्षा मुद्दाम घातली तीच आपण काढतो. पतसंस्थेत सभासदांच्या खात्यांची माहिती असलेल्या मशीनवर मी ते करत नाही. विंडोज ७ चे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० ला संपले, विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला. जुन्या मशीनला विंडोज ११ शी शेअरिंगने जोडत बसण्यापेक्षा लॅनचा प्रिंटर घेणं शेवटी स्वस्त पडतं.

शेवटी ड्रायव्हर, आणि अक्षरं

पानामागून पान निरर्थक ओळी येत असतील तर ड्रायव्हर चुकीचा आहे, कंप्युटर एका भाषेत बोलतोय आणि प्रिंटरला दुसरी कळते. जुनं विंडोज ३२ बिटचं आणि नवं ६४ बिटचं असेल तर दोघांना वेगळे ड्रायव्हर लागतात. काही स्वस्त यूएसबी लेझर प्रिंटर पान तयार करण्याचं काम कंप्युटरवरच टाकतात. त्यांचा मॅक किंवा उबंटूसाठी ड्रायव्हर निघालेलाच नसेल तर तिथे वेळ घालवू नका. फाइल पीडीएफ करून विंडोजच्या मशीनवर पाठवा आणि तिथून काढा.

मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आली तर प्रिंटर निर्दोष आहे. श्रीलिपी, कृतिदेव किंवा कन्नडसाठी नुडीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडली की असंच दिसतं. आपल्याकडे एकाच अर्जात मराठी आणि कन्नड दोन्ही असतात, त्यामुळे अर्धं पान बरोबर आणि अर्धं बिघडलेलं असंही होतं. ज्या मशीनवर फॉन्ट आहे तिथेच फॉन्ट आत बसवून पीडीएफ करा. पीडीएफही बिघडत असेल तर छापताना ‘प्रिंट अ‍ॅज इमेज’ निवडा. वेळ जास्त लागतो, पण अक्षर फुटत नाही.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

प्रिंटरचा स्वतःचा कागदच निघत नसेल. जळका वास आला असेल. आतला हीटर सुमारे दोनशे अंशांपर्यंत तापतो, तो भाग स्वतः उघडू नका. वळवाच्या पावसात विजा झाल्यानंतर लॅनचा दिवाच लागत नसेल, विशेषतः तार गच्चीवरून दुसऱ्या इमारतीत गेली असेल, तर पोर्ट जळलेला असू शकतो आणि अर्थिंगही तपासून घ्यायला हवं. राउटरचा पासवर्ड कुणालाच माहीत नसेल तर रीसेटचं बटण दाबू नका, इंटरनेटचं सेटिंगही जातं. पतसंस्था किंवा बँकेत सर्व्हर असेल तर तिथल्या जबाबदार माणसाशिवाय कशालाही हात लावू नका. आणि वरचं सगळं नीट करून तासाभरात काही हलत नसेल, तर पुढचे प्रयोग करू नका, फोन करा.

फोन करण्याआधी प्रिंटरच्या माहितीच्या कागदाचा फोटो, ज्या मशीनवरून प्रिंट येत नाही तिच्यावरच्या एररचा फोटो आणि राउटरच्या दिव्यांचा फोटो पाठवा. आणि शेवटचं काय बदललं होतं तेही लिहा: वीज, राउटर, अपडेट की नवं मशीन.